तांबोरिलची बुरशीबाई

तांबोरिल या आमच्या बेटावरच्या गावात सिगार वळणारे हात पैशाला पासरी मिळतात. वळलेले सिगार सांभाळणारं नाक मात्र गावात कधीच चार-पाच जणांपेक्षा जास्त कोणाला नव्हतं. एर्सिलिया ताबारेसचं नाक त्यांतलं होतं. तिला ते बापाकडून मिळालं होतं. सिरिलो ताबारेस चाळीस वर्षं एकाच कारखान्यात वळणीच्या मेजावर बसला. पोरगी सात वर्षांची झाल्यापासून संध्याकाळी घरी आला की तो तिच्यापुढे तंबाखूची दोन पानं धरायचा आणि विचारायचा, यातलं पिकलेलं कुठलं? ती चुकली तर रागवायचा नाही. दोन्ही पानांचे तुकडे तिच्या खालच्या ओठाला लावायचा. चावलं ते कच्चं. मग हसायचा आणि म्हणायचा, डोळे फसतात, ओठ फसत नाही.

एकविसाव्या वर्षी एर्सिलिया त्याच कारखान्यात लागली. वळणीला नाही, साठवणीच्या खोलीत. ही खोली सीडरच्या सुवासिक लाकडाच्या फळ्यांनी मढवलेली, खिडकी नसलेली. वळलेले सिगार पन्नासाच्या जुड्या बांधून इथे महिनोन्‌महिने पडून राहायचे, म्हणजे वेगवेगळ्या शेतांतली पानं एकमेकांना सरावायची. एर्सिलिया रोज प्रत्येक फळीसमोरून जायची, जुड्या वरच्या खाली आणि खालच्या वर करायची, हवा फार कोरडी वाटली तर फरशी ओल्या फडक्याने पुसायची, सादळल्यासारखी वाटली तर दार उघडं ठेवून बाहेर उभी राहायची. दहा वर्षं तिने हेच केलं आणि दहा वर्षांत तिच्या खोलीतली एक जुडी कधी वाया गेली नाही.

त्या खोलीत सगळ्यात नाजूक प्रश्न एकच असायचा. सिगारवर पांढरं दिसलं तर ते काय? चांगलं पान वर्षानुवर्षं एकसारख्या हवेत राहिलं की त्याच्या अंगातलं तेल बाहेर येऊन वर सुकतं आणि राखेसारखी बारीक भुकटी धरते. त्याला कामगार बहर म्हणतात. बहर आलेला सिगार शौकीन माणूस दुप्पट दाम देऊन घेतो. पण बुरशीही पहिल्या आठवड्यात पांढरीच असते. बहर सगळ्या अंगावर सारखा बसतो, बोटाने पुसला की जातो, मागे काही ठेवत नाही. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी येते, तिला लव असते, ती कापलेल्या टोकाशी शिरते, दोन सिगार जिथे एकमेकांना टेकतात तिथे धरते, आणि पुसली तर डाग ठेवून जाते. ऐकायला सोपं आहे. पण खरा बहर इतका दुर्मीळ की दहा वर्षांत एर्सिलियाने तो तीनदाच पाहिला होता, आणि "बहर आलाय" असं म्हणणारी माणसं तिने तीनशे पाहिली होती.

त्यांतला एक रादामेस पोलांको. कारखान्याचा नवा व्यवस्थापक, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. शहाऐंशी सालच्या नाताळाआधी परदेशातून मोठी मागणी आली, तेव्हा जुन्या पेट्या पुरेनात म्हणून त्याने गिरणीतून ताजं कापलेलं लाकूड आणवलं आणि आठ दिवसांत पेट्या ठोकून घेतल्या. एर्सिलियाने फळीवर तळहात ठेवला तर तो ओला झाला. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली की हे लाकूड अजून रडतंय, महिनाभर वाळू द्या. तो म्हणाला, नाताळ महिनाभर थांबणार आहे का?

नवव्या दिवशी पेट्यांमधल्या सिगारांवर पांढरं आलं. एर्सिलियाने ती बुरशी आहे असं सांगितलं. रादामेसने एक सिगार उजेडात फिरवून पाहिला, मालकाला बोलावलं आणि दाखवला. बहर, तो म्हणाला, नशीब काढलंत तुम्ही. पेट्या जहाजावर चढल्या.

जानेवारीच्या शेवटी त्या परत आल्या. उघडल्यावर जो कुबट वास सुटला तो वळणीच्या मोठ्या दालनाच्या टोकापर्यंत गेला. पांढऱ्याचं आता हिरवंनिळं झालं होतं. मालक लालबुंद होऊन उभा होता, आणि एकशेचाळीस कामगार मेजांवर हात थांबवून बघत होते. रादामेसने एर्सिलियाला सगळ्यांसमोर बोलावलं. खोलीत पाण्याची बादली सांडली होती ती हिने लपवली, असं तो म्हणाला. आणि हा बहर आहे असं हिनेच मला सांगितलं, असंही म्हणाला. मग आवाज न चढवता त्याने शेवटचं वाक्य टाकलं. "दहा वर्षं या खोलीत राहून जिला बुरशी आणि बहर कळत नाही, तिने घरी जाऊन भाकऱ्या भाजाव्यात. पण पीठ दुसऱ्या कोणाकडून बघून घे म्हणावं."

दालनात हशा पिकला. भीतीने हसले की खरंच हसू आलं, हे त्यांनाच ठाऊक. एर्सिलियाने मेजांकडे पाहिलं. ओलं लाकूड सगळ्यांनी पाहिलं होतं, चार जणांनी तर गाडीवरून उतरवलं होतं. एकही मान वर झाली नाही. फक्त चौथ्या रांगेतून सिरिलो उठला, आपली पान कापायची गोल पात्याची सुरी फडक्यात गुंडाळून खिशात घातली, आणि लेकीच्या दंडाला धरून बाहेर पडला. त्याचं वय तेव्हा एकसष्ट होतं. त्यानंतर त्याला कोणी मेज दिलं नाही. तो दोन वर्षांनी गेला. डॉक्टर काळीज म्हणाले. एर्सिलियाच्या मते त्याला हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, तेवढंच झालं होतं.

गावाला नाव ठेवायला वेळ लागत नाही. बाप असेपर्यंत तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. तो गेल्यावर ती बुरशीबाई झाली. ती परसात चूल मांडून केळी तळून विकू लागली, आणि गिऱ्हाईक केळं उलटंपालटं करून बघायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात पाव घ्यायला गेली की दुकानदार म्हणायचा, "मी निवडून देऊ का? तुम्हाला दिसत नाही ना." बाकड्यावर डॉमिनो खेळणारे खदाखदा हसायचे. ती पाव घेऊन निघून यायची. उलट उत्तर तिने कधी दिलं नाही. तिने डूख धरला होता, आणि डूख धरलेल्याने फूत्कार टाकत हिंडू नये, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

रविवारी चर्चमध्ये ती तिसऱ्या बाकावर बसायची. पहिल्यावर रादामेस बसायचा, बायकोमुलांसह. त्याच्या मानेची घडी बघत एर्सिलिया प्रार्थना म्हणायची. देवाकडे तिने त्याचं मरण कधीच मागितलं नाही. मेला तर बघणार कोण? त्याला भरपूर आयुष्य दे, ती म्हणायची, आणि मलाही.

मग शहाण्णव साल आलं आणि जग अचानक सिगारसाठी वेडं झालं. अमेरिकेतले लोक मिळेल तो सिगार, मिळेल त्या किमतीला घेऊ लागले. तांबोरिलमध्ये गॅरेजांत, कोंबड्यांच्या खुराड्यांत, चर्चच्या मागच्या शेडमध्ये कारखाने निघाले. काल मोटारसायकलवरून माणसं पोचवणारा आज वळणीला बसला. रादामेसनेही नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला, एकशेदहा माणसांचा, आणि सिगारवर सोनेरी पट्टी चढवली. तिच्यावर त्याचंच आडनाव होतं, पोलांको.

एर्सिलियाची भाची युदेल्का त्याच्या पेटी-खात्यात लागली. थोरल्या बहिणीची मुलगी, आई लवकर गेल्यामुळे मावशीच्याच हाताखाली वाढलेली, आता सव्वीस वर्षांची, दोन पोरांची आई. नवरा न्यूयॉर्कला गेला तो गेलाच. मावशीला न विचारताच तिने ती नोकरी धरली होती. नंतर सांगितलं. एर्सिलिया म्हणाली, पोरांना दूध लागतं, धर.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, युदेल्का संध्याकाळी मावशीकडे आली आणि आल्या आल्या हौदावर तोंड धुवायला गेली. डोळे चुरचुरतात, म्हणाली. आठ दिवस झाले, खात्यातल्या सगळ्याच बायकांचे डोळे लाल झालेत. एर्सिलियाने तिचा काढून ठेवलेला एप्रन उचलून नाकाशी नेला. गोठ्यात सकाळी शिरल्यावर नाकात जातो तसा, गुरांच्या मुताचा तिखट वास.

"उद्या दोन सिगार घेऊन ये," ती म्हणाली. "पेटीसकट जमलं तर पेटीसकट."

दुसऱ्या दिवशी आलेल्या पेटीच्या झाकणावर एर्सिलियाने तळहात ठेवला. ओलसर. तिने एक सिगार उभा चिरला, आतलं पान उलगडलं, शीर मोडून बघितली आणि तुकडा खालच्या ओठाला लावला. ओठ चावल्यासारखा झाला. तिला सगळं समजलं. पानांची गंजी लावून ती महिनोन्‌महिने आंबवायची असते, आतून तापते, मोडून पुन्हा लावायची असते, तेव्हा कुठे पानातला तिखट वायू निघून जातो. रादामेसने ती सहा-सात आठवड्यांत मोडली होती. आणि पेट्या पुन्हा ओल्या लाकडाच्या. अकरा वर्षांत हा माणूस काहीही शिकला नव्हता.

माल अजून त्याच्या खोलीतच होता. पेट्यांतून काढून, सैल जुड्या बांधून, दीड वर्षं नुसता पडू दिला असता तर तो वाचला असता. लाकूड या खेपेला त्या वेळेइतकं ओलं नव्हतं, बुरशी यायला अजून महिने होते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य युदेल्काने साहेबांना जाऊन सांगितलं असतं.

एर्सिलियाने चिरलेला सिगार चुलीत टाकला.

"काय आहे गं मावशी?" युदेल्काने विचारलं.

"काही नाही. नवं पान असतं तेव्हा असं होतंच. कांदा चिरताना होतं तसं. होईल सवय."

पेटी तिने ठेवून घेतली आणि वाट बघू लागली. एप्रिल गेला, मे गेला. उन्हाळ्यात हवा इतकी दमट झाली की मिठाच्या बरणीत पाणी साचायचं. एर्सिलिया सकाळी उठून आभाळाकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं. रादामेसने ऑगस्टमध्ये माल पाठवायला सुरुवात केली. युदेल्काचे डोळे लालच होते. ती आता त्याबद्दल बोलत नव्हती.

ऑक्टोबरमध्ये एक भाड्याची गाडी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर थांबली. तीतून सत्तरीचा एक सडसडीत म्हातारा उतरला, एवेलिओ सार्दिन्यास, मूळचा क्युबातला, आता मायामीत सिगारचा घाऊक व्यापारी. त्याच्याकडे पोलांकोच्या पेट्या परत येऊ लागल्या होत्या. ओढणारे म्हणत होते, कडू आहे. काही म्हणत होते, वर पांढरं आहे. रादामेसने फोनवर सांगितलं होतं की पांढरं दिसतं तो बहर, आणि कडू लागतो कारण अमेरिकन माणसाला ओढता येत नाही, तो आगगाडीसारखा धूर काढतो. एवेलिओला यातलं अर्धं पटत होतं, आणि अर्ध्यासाठी तो विमानात बसला होता. त्याने दुकानात विचारलं की या गावात रादामेसच्या पगारावर नसलेलं, पण सिगारवरची बुरशी ओळखणारं कोणी आहे का.

डॉमिनोवाले एकमेकांकडे बघून हसले. एक म्हणाला, "आहे की. आमची बुरशीबाई. असं नाव उगीच पडतं का?"

म्हाताऱ्याला थट्टा कळली नाही. तो थेट एर्सिलियाच्या परसात आला, टोपी काढली, आणि म्हणाला, "बाई, बुरशीच्या बाबतीत गावात तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, असं ऐकलं. नावच तसं पडलंय म्हणे."

एर्सिलिया केळी तळत होती. तिने झारा खाली ठेवला आणि कढई उतरवली. मग हात पुसून त्याला खुर्ची दिली.

तिने त्याच्याकडून वेगवेगळ्या महिन्यांच्या बारा पेट्या मागून घेतल्या आणि दहा दिवस मागितले. तो पैशाचं बोलू लागला तेव्हा तिने थांबवलं. माझी अट वेगळी आहे, म्हणाली. मला जे कळेल ते मी रादामेस पोलांकोच्या दालनात सांगेन, कामाच्या वेळेत, सगळे मेजावर असताना, आणि तो समोर बसलेला असताना. म्हाताऱ्याने कारण विचारलं नाही. या धंद्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. चेहरा वाचायला तो शिकला होता.

कडूपणाचं काम एर्सिलियाने घाईने केलं नाही. सिगार कडू लागायची कारणं पुष्कळ असतात, आणि तिला असं कारण हवं होतं ज्यातून तो माणूस सुटू शकणार नाही. ओला सिगार कडू लागतो, म्हणून तिने सहा सिगार कोरड्या डब्यात ठेवले आणि आठव्या दिवशी ओढून पाहिले. तसेच कडू. फार घट्ट वळलेला कडू लागतो, म्हणून तिने सैल आणि घट्ट असे निवडून ओढले. दोन्ही कडू. भराभर झुरके घेतले तर कडू लागतो, म्हणून ती मिनिटाला एकच झुरका घेत राहिली, दारात बसून, आणि जाणारी-येणारी माणसं बघत गेली. नीट सांभाळलेला सिगारही शेवटच्या बोटभर भागात कडवट होतो. हे पहिल्या झुरक्यापासून कडू होते. ओठाच्या कडेला टोचणारे, नाकात चढणारे. राख काळी पडून गळत होती. दहाव्या दिवसापर्यंत तिला पान सोडून दुसऱ्या कोणावर दोष टाकायला जागा उरली नव्हती. त्या दहा दिवसांत ती दोनदा ओकली आणि तिचा घसा बसला. इतक्या आनंदात ती बापाच्या मृत्यूनंतर कधी नव्हती.

मंगळवारी सकाळी दहाला ती एवेलिओबरोबर दालनात शिरली. रेडिओवर मेरेंगेची नाचगाणी चालू होती, ती कोणीतरी बंद केली. युदेल्का पेटी-खात्याच्या दारात येऊन उभी राहिली. रादामेसने एर्सिलियाला पाहिलं आणि तो मनापासून हसला.

"साहेब, हिला आणलंत?" तो एवेलिओला म्हणाला. "बुरशी कळत नाही म्हणून मीच हिला हाकललं होतं. गावात कोणालाही विचारा."

"विचारलं," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच आणलंय."

एर्सिलियाने रादामेसलाच त्याच्या कपाटातली एक पेटी निवडायला सांगितली. त्याने सगळ्यात देखणी निवडली, वरून पांढऱ्या भुकटीने माखलेली. तिने पहिल्या रांगेतल्या बायकांना जवळ बोलावलं. एक सिगार उचलून तिने त्याची सोनेरी पट्टी सोडवली. पट्टीखाली हिरवीनिळी कडी होती. कापलेलं टोक वर करून दाखवलं, त्यात कापूस भरल्यासारखं दिसत होतं. पांढऱ्या फडक्याने अंग पुसलं आणि पुसलेल्या जागी राहिलेले करडे डाग एकेकीला दाखवले. मग पिशवीतून घरून आणलेली एक पेटी आणि एक काचेची बरणी काढून शेजारी-शेजारी ठेवली. चार दिवसांपूर्वी स्वच्छ पुसून ठेवलेला सिगार बरणीत होता, आणि त्याला पुन्हा लव आली होती.

"बहर पुसला की वर्षभर परत येत नाही," ती म्हणाली. तिचा घसा अजून बसलेला होता, त्यामुळे दालनात सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "आणि हा बघा बहर."

पत्र्याच्या डब्यातून तिने एकच सिगार काढला. सिरिलोने घरी बसून वळलेला, त्याच्या शेवटच्या वर्षातला. वरपासून खालपर्यंत एकसारखी, सुकी, मंद चमकणारी भुकटी. हातोहात तो दालनभर फिरला. म्हातारे वळणारे त्याला नाकाशी नेत आणि पुढे देताना दोन्ही हातांनी देत.

रादामेसच्या चेहऱ्यावरचं हसू तोवर गेलं होतं. पेट्यांचं लाकूड गिरणीवाल्याने खराब दिलं असेल, तो म्हणाला. पान मात्र अस्सल आहे.

"मग ओढा," एर्सिलिया म्हणाली. तिने त्याच पेटीतला, वरून त्यातल्या त्यात कोरडा सिगार कापून त्याच्यापुढे धरला. "तुमच्याच नावाचा आहे."

एवेलिओ हाताची घडी घालून उभा होता. एकशेदहा माणसं बघत होती. नाही म्हणणं शक्य नव्हतं. रादामेसने सिगार पेटवला. एर्सिलिया समोर स्टूल ओढून बसली आणि लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं सांगू लागली. आता ओठाच्या कडांना टोचेल. टोचतंय ना? पुसू नका, पुसलं की जास्त चावतं. आता नाकात चढेल, गुरांच्या गोठ्यासारखं. डोळ्यांत पाणी येईल. येऊ दे, या बायकांच्या डोळ्यांत आठ महिने येतंय. राख बघा, पांढरी पडायला हवी, काळी पडतेय. अर्ध्यावर आलात की तोंडाला पाणी सुटेल आणि हात गार पडतील.

अर्ध्यावर त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने सिगार खाली ठेवायला हात नेला.

"अजून अर्धा आहे," एर्सिलिया म्हणाली.

त्याने आणखी तीन झुरके घेतले. मग तो उठला, भिंतीला धरून मागच्या दारापर्यंत गेला, आणि अंगणात तो ओकत असल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणी हसलं नाही. तो तोंड पुसत परत आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

"त्या वर्षी माझी बादली सांडली होती," तिने विचारलं, "की लाकूड ओलं होतं?"

रादामेस तोंड पुसतच राहिला. मागच्या रांगेतून नांदितो नावाचा, जुन्या कारखान्यातून आलेला एक म्हातारा वळणारा उभा राहिला. "लाकूड ओलं होतं," तो म्हणाला. "मी उतरवलं होतं गाडीवरून. माझा शर्ट भिजला होता."

सगळ्यांना वाटलं, आता एर्सिलिया रडेल. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रादामेसकडे सुद्धा तिने इतक्या द्वेषाने पाहिलं नव्हतं. "आणि अकरा वर्षं जीभ कुठे वाळत घातली होतीस?" ती म्हणाली. "माझा बाप तुझ्या शेजारच्या मेजावर बसायचा." नांदितो खाली बसला. तिने बापाचा सिगार मागून घेतला, डब्यात ठेवला, आणि ती निघून गेली.

एवेलिओने सगळा माल परत केला. त्याचं ऐकून इतरांनीही केला. तोवर अमेरिकेतलं वेडही ओसरत चाललं होतं. नाताळानंतर पोलांकोचं फाटक उघडलंच नाही. एकशेदहा माणसं घरी बसली.

गावाने तिला बुरशीबाई म्हणणं थांबवलं नाही, फक्त आता ते हलक्या आवाजात म्हणू लागले. दुकानदार पाव मुकाट्याने द्यायचा. पहिल्या बाकावरून रादामेस शेवटच्या बाकावर गेला आणि मग यायचाच बंद झाला. एर्सिलियाने उट्टं काढलं, असं सगळं गाव म्हणत होतं, आणि तिला ते ऐकायला आवडत होतं.

जानेवारीत एका दुपारी युदेल्का आली. दारातच उभी राहिली. त्या पेटीचं बोलायला ती आली होती. मार्चमध्ये मावशीने ठेवून घेतलेली पेटी बरणीशेजारी त्या दिवशी दालनात होती, आणि झाकणावरचा महिन्याचा शिक्का युदेल्काने ओळखला होता.

"तुला उपासाच्या दिवसांतच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस तर माल वाचला असता?"

"वाचला असता. आणि तोही."

"आणि आम्ही?" युदेल्काने डोळ्यांना हात लावला. उजव्या डोळ्याच्या कडेची लाली आता जातच नव्हती. "कांदा म्हणालीस मला. सवय होईल म्हणालीस. मी रोज जात होते मावशी, तू रोज मला जाताना बघत होतीस."

एर्सिलियाजवळ उत्तर होतं, अकरा वर्षांचं, पण ते या पोरीला द्यायचं नव्हतं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. युदेल्का गेली. जाताना आशीर्वाद मागायची तिची लहानपणापासूनची रीत होती. त्या दिवशी तिने तो मागितला नाही, ईस्टरला मागितला नाही, पुढच्या ईस्टरलाही नाही. ती जवळच्या सान्तियागो शहरात जीन्स शिवायच्या कारखान्यात लागली. थोरल्या पोराच्या चर्चमधल्या समारंभाला तिने मावशीला बोलावलं खरं, आणि त्यानंतर रविवारी येऊही लागली, पण त्या विषयावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एर्सिलियाला रात्री झोप चांगली लागायची. कधी कधी तिला तेच खटकायचं.

एवेलिओने गावात एक साठवणीची खोली घेतली आणि किल्ली तिच्या हातात दिली. लहान कारखानदार आपला माल तिच्याकडे आणायचे. ती बघायची, ओठाला लावायची, घ्या म्हणायची किंवा परत न्या म्हणायची. तिच्या शब्दावर मायामीत पेट्या विकल्या जायच्या.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी रादामेस पोलांको तिच्या दारात आला. केस पांढरे झाले होते, शर्टाला इस्त्री नव्हती. व्हिया गोन्सालेस गावच्या कोणा शेतकऱ्याने घरी वळून घेतलेले सिगार तो गावोगाव दाखवत फिरायचा, त्यातल्या दलालीवर त्याचं चालायचं. त्याने जुडी मेजावर ठेवली आणि हात मागे घेतले.

एर्सिलियाने प्रत्येक सिगार फिरवून पाहिला. एक चिरला. पान तेलकट, तांबूस, एकरंगी. तुकडा ओठाला लावून ती बराच वेळ बसून राहिली, चावायची वाट बघत. तो चावला नाही. तिने पेटवून ओढला, अर्ध्यापर्यंत. राख पांढरी, घट्ट. तो समोर उभा होता आणि ती काय म्हणेल ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. वाईट आहे म्हणाली असती तर गावात कोणी तिला खोटं ठरवलं नसतं. त्याला तर ते खोटं आहे हे सिद्ध करता आलंच नसतं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "त्या माणसाला सांग, सगळा घेऊन ये. पेटीत भरू नको, सैल आण."

त्याने मान हलवली. काही बोलायला तोंड उघडलं.

"झालं," ती म्हणाली.

चुलीवर कॉफीचं भांडं होतं आणि वास सगळ्या खोलीत भरला होता. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, कॉफी विचारल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. वसुलीवाल्याला सुद्धा विचारतात. रादामेस क्षणभर थांबला. एर्सिलियाने एकच कप काढला, आपल्यासाठी भरला, आणि तो पायऱ्या उतरून दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.